खोल समुद्रात लाल रंग कुठे जातो?

मे महिन्यातली गोष्ट. भाची सुट्टीला नाशिकला आमच्याकडे आली होती. रात्री साडेआठच्या सुमारास लाइट गेली आणि आम्ही दोघं स्वयंपाकघरात मेणबत्ती शोधत होतो. ओट्यावर ताटात कोशिंबिरीसाठी काढलेले टोमॅटो होते, शेजारी सोललेला लसूण. मोबाइलची बॅटरी लावता लावता मला एक सुचलं. स्क्रीनवर नुसता निळा रंग उघडला, ब्राइटनेस पूर्ण वाढवला आणि मोबाइल ताटावर धरला.

"मामा, टोमॅटो सडलाय!"

सडला नव्हता. सकाळीच आणलेला, दिंडोरीकडचा लालबुंद टोमॅटो होता. पण त्या उजेडात तो काळाठिक्कर दिसत होता. सालीच्या फुगीर भागावर निळ्या प्रकाशाचा एक बारीक ठिपका तेवढा चमकत होता. लसणाच्या पाकळ्या मात्र निळ्याशार उजळल्या होत्या. साधी बॅटरी लावली की टोमॅटो लाल, निळा स्क्रीन धरला की काळा. तिने हे पंधरा-वीस वेळा करून पाहिलं. मध्येच लाइट आली, तर तिने स्वतःच उठून बटण बंद केलं.

मी शाळेत चित्रकला शिकवतो. खोल समुद्रातल्या प्राण्यांचे फोटो पाहताना मला कितीतरी वर्षं एकच प्रश्न छळायचा. जिथे सूर्याचा किरणही पोहोचत नाही, तिथे ही रंगांची उधळण कुणासाठी? शेंदरी कोळंबी, माणकासारखे जेलीफिश, डाळिंबाच्या दाण्यासारखे माकूळ, म्हणजे स्क्विड. बघणारं कुणी नाही, मग इतकं सजायचं कशाला? या प्रश्नाचं उत्तर त्या ताटातल्या टोमॅटोत आहे. तो लाल रंग लपण्यासाठी आहे.

टोमॅटो लाल दिसतो, कारण पांढऱ्या प्रकाशातले बाकीचे रंग तो शोषून घेतो आणि लाल तेवढा परत पाठवतो. आलेल्या उजेडात लाल नसेलच, तर परत पाठवायला त्याच्याकडे काही उरत नाही. समुद्र नेमकं हेच करतो. पाणी कितीही नितळ असलं तरी पहिल्या 10 मीटरांतच लाल प्रकाशाचा बहुतेक भाग शोषला जातो. मग नारिंगी जातो, पिवळा जातो, हिरवा विरतो. सगळ्यात खोलवर टिकतो तो निळा. 200 मीटरच्या खाली दिवेलागणीसारखा अंधूक निळा उजेड असतो आणि 1,000 मीटरच्या खाली सूर्याचा मागमूसही नसतो. समुद्राची सरासरी खोली साधारण 3,700 मीटर आहे. आपलं कळसूबाई 1,646 मीटर. दोन कळसूबाई एकावर एक ठेवले, तरी वरच्या देवळाच्या कळसावर जवळपास 400 मीटर पाणी उरेल. पृथ्वीवर जिवांना राहायला जी जागा आहे, तिच्यातली बहुतेक ही अशी अंधारी आहे.

तिथले बहुतेक मासे फक्त निळा उजेड पाहू शकतात. त्यामुळे त्यांच्या लेखी लाल कोळंबी म्हणजे अंधाराचाच एक तुकडा. आपण पाणबुडीचा पांढरा दिवा लावतो, तेव्हा कुठे ती लाल होते. म्हणजे ज्या रंगावर आपण हरखून जातो, तो रंग तिथे कोट्यवधी वर्षं जवळजवळ कुणी पाहिलेलाच नव्हता.

यातला मला सगळ्यात आवडलेला प्राणी म्हणजे एक छोटी जेली. तिच्या अंगावर कंगव्याच्या दातांसारख्या बारीक केसांच्या रांगा असतात, त्या हलवत ती पोहते. दिव्याचा उजेड पडला की त्या रांगांवरून इंद्रधनुष्य सरकत जातं. तिच्या जातीतल्या बऱ्याच जेली काचेसारख्या आरपार असतात. हिचं पोट मात्र गडद रक्तासारखं लाल. कारण ती जे खाते, ते स्वतः चमकणारं असतं. पारदर्शक पोटात चमकणारं भक्ष्य म्हणजे हातात पेटता कंदील घेऊन लपाछपी खेळण्यासारखं. म्हणून पोटाला लाल पडदा. आतला निळा उजेड तो बाहेर पडूच देत नाही.

या चमकण्याबद्दल सांगायचं, तर आधी काजव्यांकडे जावं लागेल. जूनच्या पहिल्या आठवड्यात आम्ही घोटीमार्गे भंडारदऱ्याला गेलो. पाऊस उंबरठ्यावर होता. एका सादड्याच्या झाडाखाली उभे राहिलो, मोबाइल खिशात, टॉर्च बंद. पाच मिनिटांनी डोळे अंधाराला सरावले आणि अख्खं झाड एकदम उजळलं, विझलं, पुन्हा उजळलं. भाचीने एक काजवा तळहातावर घेतला आणि म्हणाली, "गरम लागत नाही."

हीच तर त्यातली गंमत. पिवळ्या बल्बला हात लावला तर चटका बसतो, कारण त्याची बरीचशी वीज उष्णतेत जाते. काजव्याच्या पोटात ल्युसिफेरिन नावाचं द्रव्य असतं. ल्युसिफरेज नावाच्या विकराच्या मदतीने त्याचा ऑक्सिजनशी संयोग होतो आणि त्यातून थंड प्रकाश बाहेर पडतो. खोल समुद्रातले प्राणीही याच तऱ्हेने चमकतात. द्रव्यं वेगळी असतात, अनेकांना तर ती खाद्यातूनच मिळतात, आणि उजेड बहुधा निळा असतो, कारण पाण्यात तोच लांब जातो. जमिनीवर असे चमकणारे जीव मोजके आहेत, म्हणून आपण काजवे पाहायला गाड्या काढून जातो. समुद्रात उलटं आहे. कॅलिफोर्नियाजवळच्या समुद्रात 17 वर्षं काढलेल्या व्हिडिओंमधल्या साडेतीन लाखांहून अधिक नोंदी 2017 मध्ये तपासल्या गेल्या. त्यांत सुमारे तीन चतुर्थांश प्राणी स्वतःचा प्रकाश निर्माण करणारे निघाले.

काजवा जोडीदाराला बोलावण्यासाठी लुकलुकतो. समुद्रात उजेडाचे उपयोग अनेक आहेत. अँगलर माशाची मादी कपाळावरच्या दांड्याला दिवा लावून भक्ष्याला तोंडाशी आणते, हे बहुतेकांनी पाहिलेलं असतं. मला त्याहून नवल वाटतं ते उजेडाने लपणाऱ्यांचं. हॅचेटफिश नावाचा बोटभर मासा असतो, कुऱ्हाडीच्या पात्यासारखा चपटा, अंगाला चांदीचा वर्ख लावल्यासारखा. तो अंधूक निळ्या उजेडाच्या थरात राहतो. खालून कुणी वर पाहिलं, तर त्याची काळी आकृती उठून दिसणार. म्हणून त्याच्या पोटाखाली दिव्यांची रांग असते आणि वरून जितका उजेड येतो, नेमका तितकाच तो खाली सोडतो. सावलीच पुसून टाकतो. पेन्सिलीने छाया देताना मुलांना जे मी वर्षभर शिकवतो, ते हा मासा पोटावर करून दाखवतो.

अटोला नावाचा एक गडद लाल जेलीफिश आहे. कुणी त्याला पकडलं की त्याच्या कडेने निळ्या प्रकाशाचं चक्र फिरू लागतं. चोर शिरला की आरडाओरडा करून गाव गोळा करावं, तसाच हा प्रकार. चमक पाहून आणखी मोठा शिकारी यावा आणि त्याने पहिल्याला पळवून लावावं. एडिथ विडर या अमेरिकन शास्त्रज्ञेने हे चक्र हुबेहूब दाखवणारा दिव्यांचा एक नकली जेलीफिश तयार केला. 2012 मध्ये जपानच्या ओगासावारा बेटांजवळ तो खोल पाण्यात सोडला आणि समोर आला तो महाकाय माकूळ, जो तोवर त्याच्या खोल घरात जिवंत असा व्हिडिओत कधीच सापडला नव्हता. दिव्यांची भाषा नीट शिकून, त्याच भाषेत हाक मारल्यावर तो आला.

या सगळ्या निळ्या दुनियेत एका माशाने मात्र वेगळीच वाट काढली. मॅलाकोस्टियस नावाचा हा काळा मासा डोळ्याखालून लाल प्रकाश सोडतो आणि तो प्रकाश त्याला स्वतःला दिसतो. आसपासच्या जवळजवळ कुणालाच दिसत नाही. लाल कोळंबीने ज्या लाल रंगाच्या भरवशावर लपायचं, तोच लाल उजेड याच्याकडे! त्याहून आश्चर्य म्हणजे, लाल दिसण्यासाठी त्याच्या डोळ्याला हरितद्रव्यापासून बनलेला एक पदार्थ लागतो. झाडाच्या पानातलं जे द्रव्य, त्याच्याच कुळातलं, खाद्यातून आलेलं. सूर्य कधीही न पाहिलेल्या माशाच्या डोळ्यात उन्हाने घडवलेलं द्रव्य आहे.

काळ्या रंगाचीही तिथे अशीच कमाल आहे. 2020 मध्ये अमेरिकन शास्त्रज्ञांनी 16 अतिकाळ्या माशांचा अभ्यास प्रसिद्ध केला. आपण हस्तकलेला वापरतो तो काळा कार्डपेपरसुद्धा पडलेल्या उजेडापैकी साधारण 10 टक्के परत पाठवतो. हे मासे अर्धा टक्काही पाठवत नाहीत, आणि त्यांतला एक तर फक्त 0.04 टक्के. त्यांच्या कातडीत मेलॅनिन या काळ्या रंगद्रव्याचे कण इतके दाटीने आणि इतक्या नेमक्या आकाराचे बसवलेले असतात की एका कणाने जो उजेड शोषला नाही, तो शेजारच्या कणाकडे जातो. बाहेर यायला वाटच नाही. या माशांचे नीट फोटो येईनात, कितीही फ्लॅश मारला तरी नुसती काळी आकृती उमटायची. त्यातूनच हा शोध सुरू झाला.

आता थोडं सौंदर्याच्या उलट बाजूबद्दल, कारण मला त्याचा खरोखर राग येतो. ब्लॉबफिशचा तो लोंबत्या नाकाचा, गुलाबी, रडवेला फोटो तुम्ही पाहिला असेल. 2013 मध्ये त्याला जगातला सर्वांत कुरूप प्राणी म्हणून निवडलं गेलं. हा अन्याय आहे. पाण्यात प्रत्येक 10 मीटरला आपल्या हवेच्या दाबाइतका दाब वाढत जातो. 6,000 मीटरवर तो सुमारे 600 पट होतो. सोप्या हिशेबात, अंगठ्याच्या नखावर 20 भरलेली गॅस सिलिंडरं. ब्लॉबफिश एवढ्या खोल नसतो, पण शेकडो मीटर खाली, जड दाबाच्या पाण्यात त्याचं घर आहे. तिथे तो मोठ्या डोक्याचा, साधा, नीटनेटका मासा दिसतो. हाडं-स्नायू कमी, अंग जेलीसारखं, म्हणजे तरंगायला मेहनत नको. पाण्याचा आधार हाच त्याचा बांधा. जाळ्यात अडकवून त्याला वर ओढलं की तो आधार सुटतो आणि शरीर ढासळतं. तो फोटो एका ढासळलेल्या शरीराचा आहे.

मग एवढ्या दाबात मासे चिरडत कसे नाहीत? चिरडते ती पोकळी, हवा. त्यांच्या अंगात हवेची पोकळी नसतेच, किंवा असली तरी ती त्या दाबाला सरावलेली असते. बाकी अंगात सगळं पाणी, आणि पाणी सहसा दबत नाही. पेशींमधली प्रथिनं वाकू नयेत म्हणून एक खास रसायन त्यांना सावरून धरतं. 2022 मध्ये जपानजवळच्या गर्तेत 8,336 मीटरवर एक फिकट रंगाचा मासा निवांत पोहताना कॅमेऱ्यात आला. त्याहून खोल पोहणारा मासा अजून कुणी चित्रित केलेला नाही.

प्राण्यांइतकीच तिथली भूमीही देखणी आहे, आणि नाशिककराला ती ओळखीची वाटेल. पांडवलेणी ज्यात कोरली तो काळा दगड, अंजनेरी-ब्रह्मगिरीचे कडे, सगळा बेसॉल्ट. साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वी थरावर थर लाव्हा पसरला, त्यातून हे बनलं. समुद्राचा तळही गाळाखाली असाच बेसॉल्टचा आहे. फरक इतकाच, की तिथे लाव्हा गार पाण्यात शिरतो, वरची साल क्षणात गोठून काचेसारखी होते आणि आतला लाव्हा फुगत राहतो. गोल, गुबगुबीत दगड एकावर एक साठतात, कापसाच्या उशा रचून ठेवाव्यात तसे. जगभरच्या समुद्रांतून अशी साधारण 65,000 किलोमीटर लांबीची पर्वतरांग गेली आहे. आपल्या हिंदी महासागरातूनही जाते. सह्याद्री सुमारे 1,600 किलोमीटर.

सिन्नरचं गारगोटी संग्रहालय पाहिलं असेल, तर पुढची गोष्ट चटकन कळेल. तिथे बाहेरून काळा, ओबडधोबड दगड असतो आणि आत पोकळीत स्फटिकांची नक्षी: पीच रंगाचे स्टिलबाइटचे पंखे, हिरवट अपोफिलाइटचे मनोरे. ही नक्षी कोरली क्षार विरघळलेल्या गरम पाण्याने. लाव्हातले बुडबुडे म्हणजे त्या पोकळ्या, आणि त्यांत पाणी झिरपत राहिलं. समुद्रतळावर आजही गरम पाणी काळ्या दगडातून फिरतंय, फक्त कितीतरी अधिक तापून. भेगांतून आत गेलेलं पाणी खालच्या उष्णतेने 350 अंशांच्याही वर जातं, तरी उकळत नाही. का, ते कुकरला विचारा. दाब वाढला की उकळायला जास्त उष्णता लागते, आणि तिथे दाब कुकरच्या शंभरपट असतो. ते पाणी दगडातली खनिजं घेऊन उसळतं, थंड पाण्याला भेटताच खनिजं काळ्या धुरासारखी बाहेर पडतात आणि साठत साठत धुरांडी उभी राहतात. समुद्रतळावरच्या गरम झऱ्यांची पहिली वस्ती 1977 मध्ये गॅलापागोसजवळ सापडली. तिथे माणसापेक्षा उंच नळीकृमी होते, पांढऱ्या नळीतून लालभडक पिसारा काढलेले. त्यांना तोंड नाही, पोट नाही. आत राहणारे जिवाणू झऱ्यातल्या रसायनांवर अन्न तयार करतात, त्यावर ते जगतात.

या धुरांड्यांभोवती कोळंब्यांचे थवे असतात, त्यांना नेहमीसारखे डोळे नसतात. सिंडी व्हॅन डोव्हर या शास्त्रज्ञेने 1980च्या दशकाच्या अखेरीस दाखवलं, की त्यांच्या पाठीवरचा फिकट पट्टा हाच प्रकाश टिपणारा अवयव आहे. पण प्रकाश कुठला? शोधल्यावर कळलं, की त्या अतितप्त झऱ्यालाच एक अतिशय मंद तेज असतं, माणसाला न दिसणारं. लोहाराच्या भट्टीतल्या लोखंडाची धग पुरती विझण्याच्या बेतात असते, तेव्हाच्या तेजाहूनही मंद.

हे सगळं माणसाने पहिल्यांदा कागदावर उतरवलं कसं, यावर तर मी तासन्‌तास बोलू शकेन. अमेरिकन निसर्गअभ्यासक विल्यम बीबी आणि अभियंता ओटिस बार्टन 1930 ते 1934 या काळात बर्म्युडाजवळ एका पोलादी गोळ्यात बसून खाली जात. गोळ्याचा व्यास दीड मीटरही नव्हता, पोलादी दोरावर लटकलेला. 15 ऑगस्ट 1934 ला ते 923 मीटरपर्यंत पोहोचले. बीबी खिडकीतून जे दिसेल ते टेलिफोनवर सांगत, वर बोटीवर ग्लोरिया हॉलिस्टर ते टिपून घेत, आणि एल्स बोस्टेलमान त्या वर्णनांवरून चित्रं काढत. बोस्टेलमानबाई स्वतः त्या गोळ्यातून कधीच खाली गेल्या नाहीत. उथळ पाण्यात मात्र त्या हेल्मेट घालून उतरायच्या आणि पाण्याखाली बसून रंगवायच्या. पाण्यात रंग कसे मरतात, हे त्यांनी स्वतःच्या हाताने शिकून घेतलं होतं. बीबींनी सांगितलेले काही मासे नंतर कुणालाच दिसले नाहीत, त्यामुळे ती चित्रं खरी की भासाची, हा वाद अजून आहे. मला त्या चित्रांतला काळा रंग खरा वाटतो. पांढऱ्या कागदावर आपण सावली काढतो आणि उजेड सोडून देतो. त्यांनी आधी अंधार भरला आणि नंतर मोजून उजेड ठेवला.

त्यांच्याआधी जर्मन जीवशास्त्रज्ञ अर्न्स्ट हेकेलनेही असंच न गेलेल्या जागेचं चित्र काढलं होतं. चॅलेंजर या ब्रिटिश संशोधन जहाजाने 1872 ते 1876 या काळात जगभरच्या समुद्रांतून जे नमुने आणले, त्यांतले रेडिओलेरिया नावाचे सूक्ष्म जीव त्याच्याकडे आले. नुसत्या डोळ्यांना ते जेमतेम दिसतात, पण त्यांची सिलिकाची कवचं म्हणजे पैठणीच्या काठापेक्षा नाजूक जाळीकाम. त्याने 3,500 हून अधिक नव्या जाती नोंदवल्या आणि चित्रं इतकी सुरेख काढली, की 1900 च्या पॅरिस प्रदर्शनाचं प्रवेशद्वार त्यांवरून घडवलं गेलं. हेकेलची रेघ अप्रतिम आहे, यात शंका नाही. पण त्याच्या चित्रांत सगळं जरा जास्तच सममित, जास्तच सजवलेलं असतं. मुलांना दाखवताना मी दोघांची चित्रं शेजारी ठेवतो, आणि हात माझा बोस्टेलमानबाईंच्या अंधाराकडे जातो.

आता आपणही तिथे जायच्या तयारीत आहोत. चेन्नईची राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्था मत्स्य 6000 नावाची पाणबुडी घडवते आहे. 2.1 मीटर व्यासाच्या टायटॅनियमच्या गोळ्यात बसून तिघांनी 6,000 मीटर खाली जायचं. त्यामागे खनिजांचाही विचार आहे. हिंदी महासागराच्या तळावर बटाट्याएवढे धातूचे गोळे पसरलेले आहेत, त्यांच्या शोधासाठी 75,000 चौरस किलोमीटरचं क्षेत्र भारताकडे आहे. पण एक गोळा दहा लाख वर्षांत काही मिलिमीटर वाढतो. एकदा उचलला की उचलला.

याच महासागरात, मॉरिशसच्या पूर्वेकडे, गरम झऱ्यांशी एक गोगलगाय राहते. 2001 मध्ये सापडली. तिच्या पायावर खवले आहेत आणि त्या खवल्यांवर, कवचावर लोखंडाच्या सल्फाइडचा थर. लोखंडी चिलखत घातलेला हा एक जिवंत प्राणी. 2019 मध्ये तिला संकटग्रस्त ठरवलं गेलं, कारण खोल समुद्रातलं खाणकाम. तेव्हा तिची माहीत असलेली सगळी वस्ती मिळून भरत होती जेमतेम 5 एकर. आमच्याकडे लहान शेतकऱ्याची द्राक्षबाग असते तेवढी. त्या जागेवर यंत्र फिरवायचा निर्णय कधी झालाच, तर तो घेणाऱ्यांनी आधी तिचा फोटो पाहावा, एवढंच माझं मागणं आहे.

सुट्टी संपायच्या आदल्या दिवशी भाचीने काळा कार्डपेपर मागितला. लाल तेलखडूने मोठा मासा काढला, दाबून, जाड. मग पांढऱ्या आणि निळ्या रंगाचे ठिपके, पोटाखाली एक रांग, कपाळावर एक. मी म्हटलं, छान झालंय, भिंतीला लावू. तिने मान हलवली, खिडकीचा पडदा ओढला, दार लावलं आणि माझा मोबाइल घेऊन निळा स्क्रीन चित्रासमोर धरला. मासा गेला. काळ्या कागदावर फक्त ठिपके उरले, त्यांची एक रांग, आणि थोडं वर, पुढे, एकटा एक ठिपका.

"आता बघ," ती म्हणाली, "आता झालं पूर्ण."